कोड बदलला, फेरफार कुणी घ्यायचा?

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली फेब्रुवारी २०१६मध्ये, सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली एप्रिल २०२३मध्ये, आणि चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत हे दशक सरत आलेलं असेल. संगणकात मात्र औंढा कधीचंच पोचलंय. गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पायसीबीसी, बिल्बी यांसारख्या प्रणाली ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. त्यात अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन, इटलीतली व्हर्गो, जपानची काग्रा यांच्या पंगतीत या नियोजित वेधशाळेचे अक्षांश-रेखांशही बसलेले सापडतात: सुमारे १९.६ अंश उत्तर, ७७ अंश पूर्व.

या वेधशाळेचं संक्षिप्त चिन्ह मात्र सगळीकडे एकच नाही. कुठे ते ‘आय१’ आहे, कुठे ‘ए१’. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण एका शोधनिबंधात आय१ वाचून दुसऱ्याच प्रणालीत तेच टाइप करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर एरर आली, तर चूक कुठे झाली हे त्याला कोडाने सांगायचं की डॉक्युमेंटेशनने? उद्या भुजांच्या दिशेचा किंवा उंचीचा आकडा नव्या मोजणीनंतर सुधारला, तर कोड बदलणारा कोड बदलेलच. तो आकडा ज्या ज्या मार्गदर्शिकेत, उदाहरणात, कार्यशाळेत वाटलेल्या नोटबुकात उतरवून घेतला गेलाय, तिथे कोण जाणार?

हा लेख दोघांसाठी आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगावच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या आणि ओपन सोर्समध्ये पहिल्यांदा हात घालू पाहणाऱ्यांसाठी. आणि ज्यांनी आपला छोटासा प्रकल्प गिटहबवर टाकलाय, लोक तो वापरतातही, पण ज्यांची रीडमी फाइल दोन वर्षांत उघडलेलीच नाही, त्यांच्यासाठी.

गिटहबने २०१७मध्ये ओपन सोर्समधल्या साडेपाच हजारांच्या आसपास लोकांची पाहणी केली होती. त्यांतल्या ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन ही नेहमीची अडचण असल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक म्हणाले, की आम्ही डॉक्युमेंटेशनला क्वचितच हात लावतो किंवा लावतच नाही. तक्रार सगळ्यांची, काम कुणाचंच नाही.

याला आळस म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण माझं मत वेगळं आहे. कोडात चूक झाली तर तो बोंब मारतो. प्रोग्रॅम बंद पडतो, टेस्ट लाल होते, कुणीतरी रागावून इश्यू, म्हणजे तक्रार, टाकतो. डॉक्युमेंटेशनमधली चूक गप्प बसते. वाचक पान उघडतो, सांगितलेली कमांड देतो, ती चालत नाही, आणि ‘आपल्यालाच जमत नाही’ म्हणून तो खिडकी मिटून निघून जातो. प्रकल्प चालवणाऱ्याला, म्हणजे मेंटेनरला, याचा पत्ताच लागत नाही. म्हणून पुढे जे काही सांगतोय त्याचा गाभा इतकाच, की डॉक्युमेंटेशनमधल्या चुकीलाही आवाज मिळेल अशी व्यवस्था लावायची. चांगलं लिहिता येणं त्यानंतरची गोष्ट.

फेरफाराची शिस्त

जमिनीचा व्यवहार झाला की आधी फेरफाराची नोंद पडते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते, नोंद प्रमाणित होते आणि मग सातबाऱ्यावर नाव बदलतं. कुणी खरेदीखत करून फेरफार घ्यायला विसरला तर दहा वर्षांनी काय होतं, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात विचारा. जमीन कसणारा एक आणि कागदावर दुसराच. ओपन सोर्स प्रकल्पात कोड म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट आणि डॉक्युमेंटेशन म्हणजे सातबारा. वहिवाट बदलताना त्याच बैठकीत कागद बदलायचा, हा पहिला नियम.

व्यवहारात याचा अर्थ असा, की डॉक्युमेंटेशन वेगळ्या विकीवर किंवा गूगल डॉक्समध्ये ठेवू नका. ते कोडाच्याच रिपॉझिटरीत, ‘डॉक्स’ नावाच्या फोल्डरमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवा. मग ज्या पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल सामावून घ्यायच्या प्रस्तावात, फंक्शनचं नाव बदललं, त्याच पुल रिक्वेस्टमध्ये त्या फंक्शनचं पानही बदलता येतं, आणि तपासणाऱ्याला दोन्ही बदल शेजारी-शेजारी दिसतात. पुल रिक्वेस्टच्या नमुन्यात एक ओळ घालून ठेवा: ‘वापरणाऱ्याला दिसेल असा बदल आहे का? असल्यास कोणतं पान बदललं?’ उत्तर ‘कोणतंही नाही’ असेल तर कारण लिहावं लागेल. एवढ्यानेच बरंच काम होतं, कारण बदल करणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी सगळं ताजं असतं. ‘रिलीजच्या आधी डॉक्युमेंटेशन एकदम नीट करू’ म्हणणारे प्रकल्प मी बरेच पाहिलेत. रिलीज येते, डॉक्युमेंटेशन येत नाही.

बदलांची यादी, म्हणजे चेंजलॉग, ही झाली फेरफाराची नोंदवही. तिच्यात कमिटचे निरोप जसेच्या तसे ओतू नका. ‘बग दुरुस्त केला’ या नोंदीचा वाचणाऱ्याला काहीच उपयोग नाही. ‘आतापर्यंत वेळ सेकंदांत द्यायची होती, या व्हर्जनपासून मिलिसेकंदांत द्यायची’ असं लिहा. पायथनच्या जगात डॉक्युमेंटेशन बांधायला बहुतेक जण स्फिंक्स वापरतात. २००८ साली ते पायथनच्याच मार्गदर्शिकेसाठी प्रसिद्ध झालं. त्यात प्रत्येक फंक्शनपाशी ‘अमुक व्हर्जनमध्ये आलं’, ‘अमुकमध्ये बदललं’, ‘अमुकपासून वापरू नये’ अशा खुणा करायची सोय आहे. त्या खुणा करा. आपल्याकडे प्रयोगशाळेतल्या संगणकांवर जुनी व्हर्जन वर्षानुवर्षं पडून असते, आणि समोरचं पान आपल्या व्हर्जनचं आहे की नाही हे कळायला त्याच खुणा उपयोगी पडतात.

उदाहरण चाललं पाहिजे

डॉक्युमेंटेशनमधला सगळ्यांत जास्त वाचला जाणारा भाग म्हणजे उदाहरणं. परिच्छेद सोडून लोक थेट कोडाच्या चौकटीवर येतात आणि ती उचलून चिकटवतात. सगळ्यांत आधी सडतात तीही उदाहरणंच. म्हणून इथे जरा थांबू.

उदाहरणं तपासून पाहायला गुरुत्वीय लहरींचं क्षेत्र चांगलं आहे, कारण तिथली माहिती खुली आहे आणि हिंगोलीत बसूनही हाताळता येते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, आपल्या घड्याळात दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, पहिली लहर टिपली गेली. तिची मूळ मोजमापं आज कुणालाही उतरवून घेता येतात. त्यासाठी जीडब्ल्यूपाय नावाची ओपन सोर्स प्रणाली आहे. तिच्या मार्गदर्शिकेतलं नेहमीचं उदाहरण हॅनफर्डच्या यंत्राची ११२६२५९४४६ ते ११२६२५९४७८ या वेळेतली मोजमापं मागतं. हे आकडे जीपीएस घड्याळाचे आहेत: ६ जानेवारी १९८०पासून मोजलेले सेकंद, लीप सेकंद न धरता. एवढं एक वाक्य उदाहरणाशेजारी नसेल तर नवखा विद्यार्थी आपल्या ओळखीच्या १९७०पासूनच्या युनिक्स घड्याळाने हिशोब करतो आणि काही वर्षं इकडेतिकडे जाऊन पडतो. एकक आणि घड्याळ न सांगता आकडा दिला, तर पान आज बरोबर असूनही वाचणाऱ्यासाठी ते चुकीचंच ठरतं.

त्या उदाहरणात अवघे ३२ सेकंद मागितलेत, हेही पाहण्यासारखं आहे. या माहितीची नेहमीची फाइल ४,०९६ सेकंदांची असते आणि तिच्यात दर सेकंदाला ४,०९६ नोंदी असतात. (एकाच आकड्याचे दोन अर्थ. बत्तीस सेकंदांचं उदाहरण लिहिणाऱ्याने हा गोंधळही टाळला.) एका नोंदीला आठ बाइट धरले तर पूर्ण फाइलीतल्या नोंदी सुमारे १३४ मेगाबाइट होतात, ३२ सेकंदांच्या जेमतेम एक. मोबाइलच्या डेटावर शिकणाऱ्या मुलीसाठी हा फरक मोठा आहे. उदाहरण लिहिताना ते किती डेटा ओढतं हे आधी पाहा, आणि मोठं असेल तर पानावर तसं लिहा.

आता ही उदाहरणं जिवंत कशी ठेवायची? ती यंत्राकडून चालवून घ्यायची. पायथनमध्ये डॉकटेस्ट नावाची सोय २००१पासून अंगभूत आहे. मार्गदर्शिकेत लिहिलेलं उदाहरण ती उचलते, चालवते आणि खाली लिहिलेलं उत्तर खरोखर येतं का ते बघते. नाही आलं तर टेस्ट लाल. जीडब्ल्यूपायच्या मार्गदर्शिकेतल्या अनेक आकृत्या तर पान बांधताना तिथलाच कोड चालवून काढल्या जातात. कोड मोडला की आकृतीही निघत नाही. आकृतीची फाइल हाताने चिकटवली असती तर ती वर्षानुवर्षं सुंदर दिसत राहिली असती, आणि खोटीही.

प्रत्येक प्रकल्पाला इतकं जमेलच असं नाही. निदान एवढं करा: उदाहरणाचा कोड पानात टाइप करू नका. तो ‘एक्झाम्पल्स’ फोल्डरमध्ये चालणारी फाइल म्हणून ठेवा आणि पानात तिथून ओढून आणा. स्फिंक्समध्ये याला एक ओळ पुरते. आकड्यांचंही तसंच. वेधशाळेचं चिन्ह आणि अक्षांश-रेखांश एकाच फाइलीत हवेत. कोडही तिथून वाचेल, पानही तिथूनच घेईल. मग आय१ आणि ए१चा घोळ निदान एका प्रकल्पाच्या आत तरी होणार नाही.

आपण काही बदललं नाही, तरीही

फेरफाराच्या शिस्तीत एक प्रकार निसटतो. आपल्या कोडाला कुणी हात लावलेला नसतो, आणि तरी डॉक्युमेंटेशन जुनं होतं, कारण भोवतालचं जग बदललेलं असतं.

याचा सगळ्यांना माहीत असलेला नमुना पायथन २चा. त्याचा आधार १ जानेवारी २०२०ला संपला, आणि ‘प्रिंट’पुढे कंस न देणारी असंख्य उदाहरणं एकदम इतिहासजमा झाली. त्याहून फसवा नमुना २०२३चा आहे. हजारो प्रकल्पांच्या रीडमीतली पहिली ओळ असते, ‘पिप इन्स्टॉल’ आणि पुढे प्रकल्पाचं नाव. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४पासून ही कमांड थेट दिली की यंत्रणा नकार देते: इथलं पायथन ऑपरेटिंग सिस्टीमच्या ताब्यात आहे, स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट करा. निर्णय योग्यच होता. पण ज्या प्रकल्पांनी कोडाची एक ओळही बदलली नव्हती, त्यांची पहिलीच पायरी त्या दिवशी ढासळली. त्याच्या आधी, ऑक्टोबर २०२०पासून, गिटहबने नव्या रिपॉझिटरींच्या मुख्य शाखेचं नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ ठेवायला सुरुवात केली होती. जुन्या शिकवण्यांतून कमांडा उचलणारे विद्यार्थी आजही तिथे अडकतात. खुली माहिती पुरवणारं केंद्र आधी ‘लायगो ओपन सायन्स सेंटर’ होतं. पुढे व्हर्गोसारख्या इतर वेधशाळांची माहितीही तिथे येऊ लागली, केंद्र ‘ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर’ झालं, आणि वेबपत्ताही बदलला. जुन्या नोटबुकांत जुनाच पत्ता आहे.

यावर उपाय एकच: ठरलेल्या दिवशी, कुणी काही बदललेलं असो वा नसो, सगळं एकदा चालवून बघायचं. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये आठवड्यातून एकदा आपोआप चालणारं काम लावता येतं. त्याने कोऱ्या यंत्रावर, रीडमीत जशा लिहिल्यात तशाच कमांडा देऊन प्रकल्प इन्स्टॉल करावा, उदाहरणं चालवावीत, आणि स्फिंक्सची लिंक तपासणारी सोय वापरून मेलेले पत्ते शोधावेत. एक खोच लक्षात ठेवा. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर गिटहब असं वेळापत्रकाचं काम बंद करून टाकतं. म्हणजे ज्या शांत पडलेल्या प्रकल्पाला राखणदाराची सगळ्यांत जास्त गरज, नेमका त्याचाच राखणदार घरी जातो. दोन महिन्यांतून एकदा तिकडे डोकवायची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा.

यंत्र जे पाहू शकत नाही ते माणसानेच पाहायचं. इन्स्टॉलचं पान नवख्या माणसाला देऊन शेजारी गप्प बसा. बोलायचं नाही, ‘अरे, ते असं कर’ म्हणायचं नाही. जिथे तो थांबेल, तिथे खूण करा. प्रकल्प लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं आधीच बसवलेलं असतं, त्यामुळे त्याला ते पान कधीच अडत नाही. म्हणून पहिल्या वर्षाचा विद्यार्थी या एका कामात अनुभवी मेंटेनरपेक्षा सरस ठरतो.

पाने खोडा

सांभाळता येत नसेल ते ठेवू नये. हे ऐकायला कठोर वाटतं, पण चुकीचं पान असण्यापेक्षा पान नसणं बरं. पान नसेल तर वाचक विचारतो. चुकीचं असेल तर विश्वास ठेवतो.

खोडताना पहिला बळी स्क्रीनशॉटचा द्यावा. बटणाची जागा बदलली की चित्र खोटं, आणि चित्रातला मजकूर शोधता येत नाही, तपासता येत नाही, भाषांतरही करता येत नाही. त्यानंतर ‘लवकरच येत आहे’ असं लिहिलेली रिकामी पानं. मग जे दुसऱ्यांचं आहे ते: गिट कसं बसवायचं, पायथन म्हणजे काय. ते त्यांच्या त्यांच्या मार्गदर्शिकांत आहे, तिथली लिंक द्या. त्यांची पुढची व्हर्जन आल्यावर ते पान तुम्ही कशाला दुरुस्त करत बसता? एकाच गोष्टीचं वर्णन रीडमीत, मार्गदर्शिकेत आणि प्रश्नोत्तरांत अशा तीन ठिकाणी असेल तर दोन खोडा. तीन जागांपैकी एक नेहमी मागे राहते, आणि शोध घेणाऱ्याला नेमकी तीच सापडते.

अलीकडे फंक्शनांची वर्णनं एआयकडून लिहून घेण्याची रीत पडलीय. माझा त्याला विरोध नाही. पण ती वर्णनं वाचायला इतकी सफाईदार असतात की तपासायचा कंटाळा येतो, आणि जुन्या पानांवरून शिकलेलं यंत्र जुनीच कमांड मोठ्या आत्मविश्वासाने सांगतं. चालवून पाहिल्याशिवाय एकही ओळ मर्ज करू नका.

मराठी डॉक्युमेंटेशन हवंच, पण सगळ्याचं नको. भाषांतर मूळ मजकुरापेक्षा लवकर शिळं होतं, कारण त्याला दोनदा मागे पडायची संधी असते. फंक्शनांची यादी, पॅरामीटरांचे तक्ते मराठीत आणण्यात श्रम घालवू नका. ते दर रिलीजला बदलतात आणि वाचणाऱ्याला कोड इंग्रजी अक्षरांतच लिहायचा असतो. ‘हे काय आहे, कशासाठी आहे, पहिल्यांदा कसं चालवायचं’ ही तीन-चार पानं मराठीत करा. त्यांचं आयुष्य मोठं असतं आणि अडणारा वाचक तिथेच अडतो. ‘गेटटेक्स्ट’ पद्धतीने भाषांतर केलंत तर मूळ इंग्रजी वाक्य बदलताच त्याच्या मराठी जोडीदारावर ‘फझी’ अशी खूण पडते, आणि दुरुस्त होईपर्यंत वाचकाला जुन्या मराठीऐवजी नवं इंग्रजी दिसतं. थोडं खटकतं खरं. पण चुकीच्या मराठीपेक्षा ते बरं. स्वतंत्र फाइलीत केलेल्या भाषांतराला अशी कुठलीच घंटा नसते.

पहिली दुरुस्ती

आता प्रत्यक्ष हात घालणाऱ्यांसाठी. आधी एक सावधगिरी. दर ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाचा उपक्रम असतो. २०२०मध्ये त्यातल्या टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत कुठेतरी एखादं विशेषण घुसवलेल्या निरर्थक पुल रिक्वेस्टचा इतका पूर आणला, की आयोजकांना नियम बदलून प्रकल्पाची आधी संमती असणं बंधनकारक करावं लागलं. त्या गर्दीत आपल्याकडचे विद्यार्थीही पुष्कळ होते. म्हणून स्वल्पविराम हलवून योगदान मोजू नका. मेंटेनरला ते तपासायला लागणारा वेळ तुमच्या दुरुस्तीपेक्षा महाग असतो.

तुम्हाला खरोखर वापरायचा आहे असाच प्रकल्प घ्या. त्याचं इन्स्टॉलचं पान सांगतं तसंच, शब्दशः, करत जा. जिथे अडाल तिथे लगेच चॅटबॉटला विचारून पुढे सटकू नका. ते अडणं हेच तुमचं भांडवल आहे. काय टाइप केलं, काय उत्तर आलं, कोणतं पान, पानाची व्हर्जन कोणती, तुमची ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, हे लिहून ठेवा. एररचा फोटो काढू नका, मजकूर कॉपी करा. तोच एरर दुसऱ्या कुणाला आला तर शोधल्यावर तुमचा इश्यू सापडला पाहिजे. मग प्रकल्पाच्या इश्यूंत शोधा: आधी कुणी हे नोंदवलंय का, आणि प्रकल्पाच्या ‘काँट्रिब्युटिंग’ फाइलीत योगदानाचे काय नियम आहेत ते वाचा.

इंग्रजीची भीती बाळगू नका. ‘मी हे केलं. हे व्हायला हवं होतं. हे झालं.’ अशी तीन छोटी इंग्रजी वाक्यं कुठल्याही मेंटेनरला पुरतात. ‘सर’, ‘काइंडली डू द नीडफुल’ यांची गरज नाही. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात आणि त्यात उद्धटपणा नसतो.

बदल छोटा असेल तर लॅपटॉपही लागत नाही. गिटहबवर पानाच्या वर पेन्सिलीचं चिन्ह असतं. ते दाबलं की तुमच्या खात्यात प्रत तयार होते, मोबाइलच्या ब्राउझरमधूनही ओळ बदलता येते आणि पुल रिक्वेस्ट जाते. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट ठेवा. इन्स्टॉलची कमांड दुरुस्त करताना वाटेत दिसलेली व्याकरणाची चूक वेगळी पाठवा. नाहीतर एकीवर वाद झाला की दुसरीही अडकून पडते. निरोपात ‘डॉक्युमेंटेशन सुधारलं’ असं न लिहिता ‘डेबियन १२वर इन्स्टॉलची दुसरी पायरी चालत नव्हती, स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट करायची पायरी घातली, कोऱ्या यंत्रावर तपासली’ असं लिहा. शेवटचा तुकडा सगळ्यांत महत्त्वाचा.

उत्तर यायला वेळ लागतो. हे लोक बहुधा आपला मोकळा वेळ खर्चून काम करत असतात, आणि गुरुत्वीय लहरींच्या प्रणालींसारख्या ठिकाणी त्यांचं मुख्य काम संशोधनाचं असतं. दोन-तीन आठवडे थांबा, एकदा नम्र आठवण द्या, मग दुसऱ्या कामाला लागा.

आणि प्रकल्प तुमचाच असेल तर? ‘डॉक्स’ फोल्डरची जबाबदारी एका माणसाच्या नावावर घाला. गिटहबच्या ‘कोडओनर्स’ फाइलीत नाव लिहिलं, की त्या फोल्डरमधल्या प्रत्येक बदलाची तपासणी आपोआप त्याच्याकडे जाते. तो माणूस दर वर्षी बदला, नाहीतर तोही कंटाळतो. महत्त्वाच्या पानांवर ‘शेवटचं चालवून पाहिलं’ म्हणून महिना आणि व्हर्जन लिहा. ‘शेवटचं संपादन’ नको. तिथे एखादी वेलांटी दुरुस्त केली तरी तारीख ताजी होते.

आपल्या महाविद्यालयांतून दर उन्हाळ्यात शेवटच्या वर्षाचे प्रकल्प गिटहबवर चढतात आणि पदवी हातात आली की तसेच राहतात. हजेरीचं अ‍ॅप, हळदीच्या बाजारभावाचं अ‍ॅप, वाचनालयाची नोंदवही. दोन वर्षांनी धाकट्या वर्गातलं कुणीतरी ते उघडतं आणि आठवडा वाया घालवतं. तुम्हाला तो प्रकल्प पुढे सांभाळायचा नसेल, तर रीडमीच्या अगदी वर तीन ओळी लिहा: प्रकल्पाची देखभाल कधी थांबली, तो शेवटी पायथनच्या कोणत्या व्हर्जनवर चालला होता, आणि त्यातलं काय अर्धवट आहे. मग सेटिंगमध्ये जाऊन ‘अर्काइव्ह’ करा. रिपॉझिटरी वाचता येते, तिची प्रत घेता येते, पण वर ठळक पट्टी दिसते की इथे आता काम चालत नाही. पुढे सांभाळायला कुणी तयार झालं तर अर्काइव्ह काढताही येतं. त्या वेळी वरच्या तीन ओळी खोडून टाकायला विसरू नका.